थांबा

उणे एकतीस. फळ्यावर आज एकच शब्द:
म'ईंगन. लांडगा.
काल रात्री भांडी विसळताना
टेपमधल्या बाईच्या मागोमाग तो घोकला,
चाळीस वेळा तरी, नळ बंद करून, पुन्हा चालू करून,
आणि सकाळी उभी राहिले एकोणीस पोरांपुढे
जणू आईच्या पोटातून शिकून आलेय.
खरं सांगते, मी त्यांच्यापेक्षा
फक्त एका रात्रीने मोठी आहे.

ही बारीक काडी दिसते ना, 'म'च्या पुढे,
माशीचा पाय तुटून चिकटल्यासारखी?
ते अक्षर नाही. तो थांबा.
म म्हणायचं, घसा मिटायचा,
मग ईंगन.

जेविनला उचकी लागली.
डिलेनीने थांब्यावर आवंढा गिळला
आणि उरलेला शब्द त्याबरोबर पोटात गेला.
बाकीचे सगळे मैंगन मैंगन करत
लांडगा पळवतच राहिले.

मी विषय बदलला. भित्रे शिक्षक बदलतात तसा.
सजीव, निर्जीव. या भाषेत दगड सजीव: असिन.
बर्फ सजीव. हातमोजा, मिंजिकावन, तोही सजीव.
बूट मात्र नाही.
"मग बूट मेलाय का?" मार्गोने विचारलं.
वर्गात अशी शांतता, की सगळे आपापल्या पायांकडे बघायला लागले.
उद्या सांगते, म्हटलं.
अजून सांगितलेलं नाही.

संध्याकाळी माझ्या गाडीची बॅटरी मेली
(ती सजीव की निर्जीव, हेही बघायला हवं)
म्हणून पोरांबरोबर पिवळ्या बसमध्ये बसले.
चालवायला एलरॉय सेंट जर्मेन,
एक्काहत्तर वर्षांचा, खांद्यावर कुत्र्यांचे केस.
जेविन पुढे वाकून: "तुला येते का रे आपली भाषा?"
"गावीन," तो म्हणाला. म्हणजे नाही.
आणि दार ओढून घेतलं.
नाही म्हणायला त्याने कुठली भाषा वापरली
ते पोरांच्या लक्षात यायला दोन वळणं लागली.

तिसऱ्या वळणावर सीटखालून
कुणाचा तरी लाल हातमोजा घसरत पुढे आला.
एलरॉयने आरशातून पाहिलं.
"अ'अव मिंजिकावन," म्हणाला, "तो मोजा. उचला त्याला."
मधे तो थांबा, स्वच्छ,
दोन दगडांमधल्या फटीसारखा.
माझी टेपवाली बाई एवढं स्वच्छ बोलत नाही.

मी विचारलं, कुणाशी बोलता?
"कुत्र्यांशी," तो म्हणाला. "ती हसत नाहीत."
मग बराच वेळ फक्त हीटरचा आवाज.

रेल्वेच्या रुळांपाशी त्याने बस थांबवली,
रोज थांबवतो तशी. दार उघडलं.
गार वारा आत आला आणि टोप्यांवरून फिरून गेला.
"आता मी काय करतोय?"
"थांबलास."
"मग?"
"ऐकतोयस, काही येतंय का."
"आणि ते ऐकून झाल्यावरच पुढे.
घशातही तेवढंच. फक्त तिथलं दार बंद असतं."
तो मागे वळला नाही. बोट मात्र हवेत उचललं.

म

रूळ रिकामे. दूरवर तळ्यावरचा बर्फ
कुठेतरी एकदा तडकला.
तीस पोरं श्वास धरून. मीही.
मार्गोने बुटांवर बूट ठेवून त्यांना शांत केलं होतं.

ईंगन

कुणी आधी म्हटलं नाही. कुणी उशिरा म्हटलं नाही.
एलरॉयने दार लावलं, गिअर टाकला,
आणि पुढच्या थांब्यावर कुणाला उतरायचंय,
हे त्याने इंग्रजीत विचारलं,
थोड्या घोगऱ्या आवाजात.